फुटाच्या भावाने ओढा: रिचर्ड ब्रॉटिगनचं गद्य कसं वाचावं

जुन्या इमारती पाडून निघालेलं सामान विकायचं दुकान. एक गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, तुमच्याकडे ट्राउट माशांचा ओढा विकायला आहे म्हणे, काय भाव? काउंटरवरचा माणूस जराही चमकत नाही. फुटावर देतो, म्हणतो. हवा तेवढा घ्या. सकाळीच एक जण ५६३ फूट घेऊन गेला, भाचीला वाढदिवसाला द्यायचा होता. पहिल्या शंभर फुटांना साडेसहा डॉलर फूट, त्यापुढे पाच डॉलर. धबधबे वेगळे. झाडं, पक्षी, फुलं, गवत यांचेही पैसे वेगळे. किडे मात्र किमान दहा फूट घेतलेत तर फुकट. पक्षी पस्तीस सेंटला एक, पण ते वापरलेले आहेत, तेव्हा गॅरंटी काही देता यायची नाही.

गिऱ्हाईक माल बघायला मागच्या अंगाला जातं. तिथे ओढ्याचे तुकडे मापाप्रमाणे थप्प्या लावून ठेवलेले आहेत, आणि कापताना उरलेले बारके तुकडे एका खोक्यात. धबधबे वरच्या मजल्यावर, जुन्या नळसामानाच्या विभागात, एकोणीस डॉलर फूट. सगळ्यात मोठा साठ फुटांहून लांब. त्याच्या तुकड्यांना चिठ्ठ्या बांधल्यात, कुठला कशाला जोडायचा त्याच्या. गिऱ्हाईक ओढ्याच्या पाण्यात हात घालून बघतं. पाणी गार आहे. हाताला बरं वाटतं.

हे प्रकरण ‘ट्राउट फिशिंग इन अमेरिका’ या कादंबरीतलं. लेखक रिचर्ड ब्रॉटिगन. लिहिलं १९६१ साली, छापून आलं १९६७ साली. मी पहिल्यांदा वाचायला घेतलं तेव्हा तिसेक पानांवर मिटून ठेवलं होतं. गोष्ट कुठे आहे हेच कळेना. बऱ्याच दिवसांनी हे दुकानाचं प्रकरण हाती लागलं आणि मग ध्यानात आलं की मी चुकीच्या जागी शोधत होतो. या लेखकाकडे गोष्ट शोधायची ती वाक्यात.

वरचंच उदाहरण परत बघा. कल्पना वेडी आहे, पण भाषा अजिबात वेडी नाही. भाषा दुकानदाराची आहे. भाव, सूट, ‘गॅरंटी नाही’, ‘त्याचे वेगळे पडतील’. जंगल कापून त्याचा माल करणाऱ्या संस्कृतीवर टीका करायची तर दुसऱ्या लेखकाने आवाज चढवला असता, निदान एखादा उसासा तरी टाकला असता. ब्रॉटिगन दरपत्रक वाचून दाखवतो. आणि शेवटी पाणी गार लागतं, म्हणजे विकला जाणारा ओढा अजून खरा आहे, हे सांगण्यासाठीही तो एक साधं वाक्य खर्च करतो आणि पुढे जातो. आपण हसतो, आणि मग पोटात कुठेतरी कालवतं. कशामुळे, ते तो सांगत नाही.

माणूस थोडक्यात असा: जन्म १९३५, वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा गावी. बालपण अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, चांगल्यापैकी गरिबीत. विशीत, १९५५च्या डिसेंबरात, ऑरेगनमधल्या एका पोलीस ठाण्याच्या काचेवर दगड मारला. तुरुंगात निदान जेवायला मिळेल हा हिशेब होता असं सांगतात. झालं भलतंच. त्याला मनोरुग्णालयात टाकलं आणि विजेचे झटके दिले. सुटल्यावर १९५६ साली तो सॅन फ्रान्सिस्कोला आला, तिथल्या बीट कवींच्या, म्हणजे त्या काळच्या बंडखोर कवींच्या, कडेकडेने राहिला, रस्त्यावर कविता वाटल्या. १९६१च्या उन्हाळ्यात बायको आणि वर्षभराची मुलगी यांना घेऊन आयडाहोतल्या डोंगरात तंबू ठोकून राहिला, आणि ओढ्याकाठी टाइपरायटर ठेवून त्याने ‘ट्राउट फिशिंग’ लिहायला घेतली. बाकी चरित्र इथे फारसं कामाचं नाही. एक गोष्ट सोडून.

ती गोष्ट अशी, की आपण सात वर्षं कविता लिहिल्या त्या वाक्य कसं लिहायचं हे शिकण्यासाठी, असं त्याने स्वतः सांगून ठेवलंय. लिहायच्या होत्या कादंबऱ्या, पण वाक्य येत नसेल तर कादंबरी कशी लिहिणार? आपल्याकडे गायक वर्षानुवर्षं सकाळी नुसता षड्ज लावतो, त्या जातीचं हे बोलणं आहे. कविता हे त्याचं रियाजाचं घर होतं. म्हणून त्याच्या गद्यात कवितेचा अलंकारिक फुलोरा नाही, पण कवितेची काटकसर आहे. ‘ट्राउट फिशिंग’मध्ये एकूण ४७ प्रकरणं, आणि कित्येक प्रकरणं पान-दीड पानाची.

आता उपमा. त्याच्या शैलीचं इंजिन हेच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

शाळेत आपण उपमेय आणि उपमान शिकलो. मुख चंद्रासारखं. मुख हे उपमेय, चंद्र उपमान, दोघांत एक समान गुण, आणि मध्ये ‘सारखा’ नावाचा पूल. पूल ओलांडला, चंद्र बघितला, परत मुखाकडे आलो. साधारण लेखकाची उपमा अशी जाऊन-येऊन असते. ब्रॉटिगनची उपमा जाते ती परत येतच नाही.

एके ठिकाणी त्याला ऊन वर्णायचंय. सूर्य पन्नास सेंटच्या मोठ्या नाण्यासारखा होता, अशी सुरुवात. इथपर्यंत ठीक, गोल आणि चकाकणारा. पण वाक्य थांबत नाही. त्या नाण्यावर कुणीतरी रॉकेल ओतलंय. मग काडी लावलीय. मग ते पेटलेलं नाणं निवेदकाच्या हातात देऊन तो म्हणालाय, जरा धर हं, मी पेपर घेऊन येतो. आणि गेला तो परत आलाच नाही.

सूर्याचं वर्णन संपलं. आणि नकळत आपण एका माणसाची आख्खी गोष्ट वाचून बसलो. कुणीतरी हातात जळतं काहीतरी देऊन निघून गेलंय आणि हा बिचारा धरून उभा आहे. उपमेला पाय फुटतात ते असे. आधी वस्तू येते, मग वस्तूला एक घटना चिकटते, घटनेत माणूस येतो, माणूस बोलतो, आणि शेवटी कुणीतरी एकटं पडतं. बापाचा पत्ता नसलेल्या आणि आईने कधीकधी मागे ठेवलेल्या मुलाला सूर्य असा दिसावा हे मी इथे म्हणतोय. तो नाही म्हणत. त्याच्या वाक्यात फक्त नाणं आहे.

दुसरं उदाहरण मला याहून आवडतं. रुंदीला कमी आणि दोन्ही बाजूंनी झाडीने गच्च झाकलेल्या एका ओढ्यात मासे धरायला आत शिरायचंय. ओढा कसा होता? ओळीने लावलेल्या १२,८४५ टेलिफोन बूथसारखा. बूथची छतं उंच, जुन्या व्हिक्टोरियन धाटणीची. सगळी दारं काढून टाकलेली आणि मागच्या भिंती पाडलेल्या. मराठीत ‘हजारो’ म्हणून आपण सुटलो असतो. तो १२,८४५ म्हणतो. हा आकडा थट्टेचा आहे हे उघड आहे, पण खोट्या गोष्टीला नेमका आकडा लावला की ती पावतीवर छापल्यासारखी वाटते. वर भाचीसाठी ५६३ फूट ओढा नेणारा माणूस आठवा, युक्ती तीच. आणि मग उपमेला पाय फुटतात. ओढा टेलिफोन बूथ असेल तर गळ घेऊन आत शिरणारा पोरगा कोण? फोनची दुरुस्ती करणारा. म्हणजे तो नुसते मासे धरत नव्हता, फोन चालू ठेवत होता. समाजाच्या उपयोगी पडत होता! हे सगळं एका ‘सारखा’मधून निघालंय, आणि एकदा निघाल्यावर लेखकाने तर्क कुठेही सोडलेला नाही. वेडेपणा फक्त पहिल्या पायरीवर आहे. पुढचं सगळं शिस्तीत.

त्याची वाक्यं हेमिंग्वेसारखी आहेत असं म्हणतात. अर्धं बरोबर आहे. छोटी विधानं, साधी क्रियापदं, भावनेचं नाव न घेणं, हे हेमिंग्वेचंच. पण हेमिंग्वेच्या ओढ्यात टेलिफोन बूथ सापडायचे नाहीत.

आता त्या पुस्तकाच्या नावाबद्दल, कारण नव्या वाचकाचा घोटाळा इथे हमखास होतो. ‘अमेरिकेतली ट्राउट मासेमारी’ हे कादंबरीचं नाव. बरं. पण पुस्तकात हेच शब्द एका माणसाचं नाव म्हणून येतात. तो पत्रं लिहितो, पत्राखाली सही करतो. मग एका हॉटेलचं नाव म्हणून येतात. पाय नसलेल्या, चाकांच्या खुर्चीतून हिंडणाऱ्या एका दारुड्याच्या नावात येतात. सहावीतली पोरं पहिलीतल्या पोरांच्या पाठीवर खडूने तेच लिहितात. शब्द तेच, दर वेळी काम वेगळं. याचा अर्थ काय हे विचारत बसलात तर पुस्तक हातातून निसटतं. व्याकरणाच्या बाजूने बघा, सोपं जातं. एक नाम त्याने घेतलं आणि ज्या ज्या जागी नाम बसू शकतं त्या त्या जागी बसवून पाहिलं. लहान मुलाला नवा शब्द सापडला की ते दिवसभर तो सगळ्याला चिकटवतं, तसं.

त्याच पुस्तकात एका लहान मुलाला लांबून, डोंगराच्या उतारावर, पांढरा धबधबा दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा टाचणी वाकवून गळ करतो, पांढरा दोरा बांधतो, पावाचा तुकडा घेतो आणि निघतो. जवळ गेल्यावर कळतं, धबधबा नाहीच. झाडीतल्या घराकडे चढत जाणारा पांढरा लाकडी जिना आहे. मुलगा जिन्यावर हात ठोकून बघतो. मग? मग स्वतःच स्वतःचा मासा होतो आणि पाव खाऊन टाकतो. खाली त्या ‘ट्राउट फिशिंग इन अमेरिका’ नामक गृहस्थाचं उत्तर छापलंय, की मी तरी काय करणार, जिन्याचा ओढा करणं माझ्या हातात नव्हतं. माझंही एकदा असंच झालं होतं, हे गृहस्थ पुढे म्हणतात. व्हरमाँटमध्ये एका म्हातारीला मी ओढा समजलो आणि मला तिची माफी मागावी लागली.

लहान मुलगा, रिकामा गळ, हातातला एकुलता तुकडा. यावर कुणी डोळे ओले करणारं पान लिहिलं असतं. इथे मुलाच्या दुःखाला उत्तर मिळतं ते म्हातारीच्या विनोदाचं. मला वाटतं ब्रॉटिगनचा सपाट सूर म्हणजे नुसती गंमत नव्हे. तो शिष्टाचार आहे. आपल्या दुःखाचा वाचकाला त्रास होऊ नये, अशी काळजी घेणाऱ्या माणसाचा.

मराठीत त्याला आणताना काय होतं, हेही सांगतो, कारण माझी त्याच्याशी खरी ओळख झाली ती वहीत त्याची वाक्यं उतरवून बघताना. त्याची ‘द स्कार्लाटी टिल्ट’ नावाची कथा दोन वाक्यांची आहे. पहिल्या वाक्यात एका बाईची तक्रार: सॅन होझेत, एका खोलीच्या घरात, व्हायोलिन शिकणाऱ्या माणसाबरोबर राहणं फार कठीण असतं. दुसऱ्या वाक्यात एवढंच, की हे तिने पोलिसांना सांगितलं, त्यांच्याकडे रिकामं रिव्हॉल्वर देताना. संपली कथा. खून, लग्न, शेजारी, किती महिने सहन केलं, सगळं ‘रिकामं’ या तीन अक्षरांत. सगळ्या गोळ्या झाडून झालेल्या आहेत. (पिनबॉलचं यंत्र फार हलवलं की त्यावर ‘टिल्ट’ असं उमटतं आणि खेळ बंद पडतो. नावातला टिल्ट मी तरी तोच धरतो.)

इंग्रजी वाक्यात हे रिव्हॉल्वर अगदी शेवटी येतं, आणि त्यावरच कथा उभी आहे. मराठीत शेवटची खुर्ची क्रियापदाची. ‘पोलिसांच्या हातात रिकामं रिव्हॉल्वर देत ती म्हणाली’ असं शुद्ध वाक्य लिहिलं की रिव्हॉल्वर मध्येच फुटतं आणि शेवटी उरतं नुसतं ‘म्हणाली’. फुसका बार. पण आपली बोलण्यातली मराठी इतकी सोवळी नसते. ‘आला एकदाचा, तो तुझा भाऊ’ असं क्रियापदाला शेपूट जोडून आपण रोज बोलतो. ते शेपूट वापरलं की जमतं: ‘हे तिने पोलिसांना सांगितलं, देताना त्यांच्याकडे ते रिकामं रिव्हॉल्वर.’ ब्रॉटिगन मराठीत आणायचा तर पुस्तकी मराठीतून येत नाही, ओट्यावरच्या मराठीतून येतो.

‘ट्राउट फिशिंग’चा शेवटही या शेपटावरच अवलंबून आहे. शेवटून दुसऱ्या प्रकरणात निवेदक सांगतो की ‘मेयोनीज’ या शब्दावर संपणारं एक पुस्तक लिहायची आपली फार दिवसांची इच्छा आहे. पुढचं पान म्हणजे कुणीतरी कुणाला लिहिलेलं सांत्वनाचं पत्र. घरातलं माणूस गेलंय, देवाची इच्छा वगैरे. आणि खाली ता. क.: माफ करा, द्यायचं राहूनच गेलं ते मेयोनीज. इंग्रजीत त्या शब्दाचं स्पेलिंगही चुकवलेलं आहे, एक अक्षर गाळून. म्हणजे इच्छा पुरी झाली की नाही, यावर वाद घालायला आपण मोकळे.

तर असा लेखक प्रतिसंस्कृतीचा, म्हणजे प्रस्थापित अमेरिकेला नको म्हणणाऱ्या त्या पिढीचा, लाडका कसा झाला? साल १९६७. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-अ‍ॅशबरी भागात देशभरातून पोरं येऊन थडकत होती. तिथे डिगर्स नावाची मंडळी रस्त्यावर फुकट जेवण वाटत होती, आणि ब्रॉटिगन त्यांच्या जवळचा. त्याच वर्षी त्याच्या एका छोट्या कवितासंग्रहाच्या १,५०० प्रती छापून फुकट वाटल्या. पुढच्या वर्षी ‘प्लीज प्लांट धिस बुक’ आलं. म्हणजे एका कागदी पाकिटात बियांच्या आठ पुड्या, पुडीवर कविता. वाचा आणि पेरा. हा माणूस स्वतः मात्र धड हिप्पी नव्हता. वय बत्तीस झालेलं, इतर नशांपासून लांब, दारू भरपूर. पण त्या काळात दोन्हीकडून आरडाओरडा चालू असताना, सरकारची भाषणं एकीकडे आणि निदर्शकांच्या घोषणा दुसरीकडे, कुणीतरी हळू आवाजात, वाद न घालता बोलत होतं. पोरांना ते आवडलं असावं. पुस्तक लाखोंनी खपलं.

१९६८ची ‘इन वॉटरमेलन शुगर’ याच सुराची दुसरी टोकाची कादंबरी आहे. तिथे घरं कलिंगडाच्या साखरेपासून करतात, सूर्य रोज वेगळ्या रंगाचा उगवतो, आणि निवेदक म्हणतो की मला नेमकं असं नाव नाही, तुमच्या मनात येईल ते माझं नाव. त्याच्या लहानपणी वाघ येऊन त्याच्या आईवडलांना खातात, आणि खाता खाता त्याला गणितात मदत करतात. मला हे पुस्तक अर्धंच पचलं. सगळंच साखरेचं असलं की साखर कळत नाही. दुकानात ओढा विकायला असणं गंमतीचं होतं ते शेजारी संडासाची भांडी होती म्हणून.

आणि दोष सांगायचेच तर आणखीही आहेत. उपमा उडाली नाही की परिच्छेद जागीच बसतो, कारण खाली धरायला गोष्ट नसते. बायका पुष्कळदा नुसत्या सुंदर असतात, ‘द अबॉर्शन’ या कादंबरीत तर नायिकेचं रूप हाच एक विनोद होऊन बसतो. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सिटी लाइट्स या प्रकाशनाचे कवी-संपादक लॉरेन्स फर्लिंघेटी म्हणाले होते की हा लेखक म्हणून कधी मोठा होतोय याची मी वाट बघत राहिलो. मला हे निम्मं पटतं. मधल्या काळातली काही पुस्तकं वाचताना तर फारच पटतं.

फर्लिंघेटींना उत्तर असेल तर ते १९८२च्या ‘सो द विंड वोन्ट ब्लो इट ऑल अवे’मध्ये आहे. ब्रॉटिगनच्या हयातीत आलेली ही शेवटची कादंबरी. तोवर वाचक पांगले होते, ती फारशी खपली नाही. १९८४ साली कॅलिफोर्नियातल्या बोलिनासच्या घरात त्याने स्वतःला गोळी घातली. वय ४९.

या पुस्तकातही मासे धरणं आहे. एक नवराबायको रोज संध्याकाळी ट्रकमधून सोफा, टेबलं, दिवे असं घरचं सगळं सामान आणून तळ्याकाठी मांडतात आणि सोफ्यावर बसून गळ टाकतात. सूर ओळखीचा आहे, सामानाची यादीही तितकीच शांतपणे दिलेली. पण कादंबरी आहे ती एका शाळकरी मुलाची. १९४८चा फेब्रुवारी महिना. खिशातल्या पैशात एकच गोष्ट येते: एक हॅम्बर्गर, नाहीतर बंदुकीच्या गोळ्यांची एक पेटी. तो गोळ्या घेतो. फळबागेत नेम धरताना त्याच्या हातून मित्र मरतो.

इथेही हिशेबच आहे. किती पैशांत काय येतं, त्याचे काय पडतील. ओढ्याच्या दरपत्रकावर हसवणारा तोच काउंटरवरचा आवाज, एकवीस वर्षांनी. त्या घटनेनंतर मुलगा रडत बसलाय असं ब्रॉटिगन लिहीत नाही. मुलाला हॅम्बर्गरचा ध्यास लागतो. शाळेच्या वर्तमानपत्राचा बातमीदार आहे असं खोटंच सांगून तो गावातल्या खाणावळींत जातो आणि तिथल्या आचाऱ्यांना हॅम्बर्गरबद्दल प्रश्न विचारतो.